हॅटरस बेटावर भाड्याच्या बोटीने मासेमारी: वडिलांसाठी कोणती सफर निवडावी?

देवगडची_लेक

नमस्कार. आम्ही नॉर्थ कॅरोलायनातील कॅरी येथे राहतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा, सासूबाई, आम्ही दोघे आणि आमची दोन मुले (वय ११ आणि ६) असे सात जण त्याच राज्याच्या किनाऱ्यालगतच्या हॅटरस बेटावर पाच दिवसांसाठी जाणार आहोत. बाबा ७१ वर्षांचे आहेत. त्यांचे बालपण देवगडच्या खाडीकाठी गेले आणि शाळा सुटली की ते आजोबांबरोबर होडीत बसून गरवायला जात असत. पुढे नोकरीसाठी पुण्याला आल्यावर समुद्र सुटला तो सुटलाच. ते तोंडाने काही मागत नाहीत, पण मागच्या भेटीत एका पुलावर उभे राहून खालच्या माणसांचे गळ ते कितीतरी वेळ पाहत होते, आणि तेव्हाच मी ठरवले की या वेळी त्यांना बोटीने समुद्रावर न्यायचे.

संकेतस्थळे पाहून मात्र गोंधळ वाढला. प्रत्येक बोटीच्या पानावर मोठमोठ्या माशांची छायाचित्रे आहेत, सगळ्यांचे अभिप्राय उत्तम आहेत, आणि दरांमध्ये एवढी तफावत आहे की नेमके कशाचे पैसे द्यायचे तेच कळत नाही. पूर्ण दिवसाची गल्फ स्ट्रीमची (दूर समुद्रातल्या उबदार प्रवाहाची) सफर घ्यावी की अर्ध्या दिवसाची किनाऱ्याजवळची? बेटाच्या उत्तरेकडच्या ओरेगॉन इनलेटहून (इनलेट म्हणजे बेटांमधून समुद्रात जाणारे मुख) निघावे की हॅटरस गावातून? बाबांना मधुमेह आहे आणि काचबिंदूचे थेंब चालू आहेत. कोणाचा प्रत्यक्ष अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहावे.

खाडीकाठ

नमस्कार. मी नॉरफोकला राहतो आणि गेली बारा-तेरा वर्षे दर उन्हाळ्यात हॅटरसला जातो, त्यामुळे थोडे लांबलचक लिहितो.

पहिली गोष्ट तुमच्या संख्येची. इथल्या बहुतेक भाड्याच्या बोटी तटरक्षक दलाच्या नियमानुसार जास्तीत जास्त सहा प्रवासी नेऊ शकतात, आणि त्या सहांत लहान मूलही धरले जाते. सहापेक्षा जास्त माणसे न्यायची असतील तर बोटीची तटरक्षक दलाकडून तपासणी होऊन तसे प्रमाणपत्र असावे लागते. म्हणजे तुम्हा सातांना नेहमीच्या खासगी बोटीवर एकत्र जाता येणार नाही. ‘एक लहान मूल जास्त असले तर काय झाले’ असे म्हणून सातव्याला घेणारा कप्तान भेटला, तर त्याच्या चांगुलपणावर न जाता दुसरी बोट पाहावी, कारण जो हा नियम मोडतो तो आणखी कोणते मोडत असेल ते आपल्याला समजण्याचा मार्ग नसतो.

दुसरी गोष्ट जागेची. ओरेगॉन इनलेट आणि हॅटरस इनलेट ही दोन्ही मुखे १८४६च्या एकाच चक्रीवादळात फुटली. तिथली वाळू अजूनही एका जागी राहत नाही. आपल्याकडे खाडीच्या तोंडाशी गाळ भरला की जुना तांडेल ज्या नजरेने पाणी वाचतो, तीच नजर इथेही लागते, म्हणून मी बोटीच्या वयापेक्षा कप्तान त्या मुखातून किती वर्षे ये-जा करतो आहे हे आधी विचारतो. तुम्ही बेटावरच राहणार असाल तर हॅटरस गावातूनच निघा. पहाटेच्या काळोखात मुलांना घेऊन उत्तरेकडे तासभर गाडी हाकण्यात अर्थ नाही. शिवाय गल्फ स्ट्रीमला जायचेच ठरले, तरी ते निळे, उबदार पाणी हॅटरसहून अधिक जवळ पडते, कारण तिथे समुद्राखालचा उथळ पट्टा अरुंद आहे.

आता मुख्य प्रश्न. गल्फ स्ट्रीमच्या सफरीत माही-माही, कुपा, वाहू असे मासे मिळतात. (माही-माहीला इथे ‘डॉल्फिन’ही म्हणतात. तो मासाच आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर धक्क्यावर रडारड होते.) त्यासाठी पहाटे साडेपाचच्या सुमारास निघून संध्याकाळी चार-पाचला परतायचे आणि मधला बराचसा वेळ बोट ट्रोलिंग करत असते. म्हणजे मागे दोऱ्या सोडलेल्या, काठ्या खोबणीत रोवलेल्या, आणि मासा लागला की खलाशी काठी काढून तुमच्या हातात देतो. आमिष त्याने लावलेले, खोली त्याने ठरवलेली, मासा कधी लागला हेही त्यालाच आधी कळलेले. ज्याला मोठा मासा ओढून काढायचा आहे त्याच्यासाठी हा दिवस सोन्यासारखा असतो. पण तुमचे बाबा लहानपणी बोटांत दोरी धरून गरवत होते. दोरीवर आलेली ती बारीकशी टुचटुच ओळखायची, मासा नुसता आमिष कुरतडतो आहे की गिळतो आहे हे बोटांनी जाणायचे, मग योग्य क्षणी हिसका द्यायचा, हे त्यांचे काम होते, आणि ट्रोलिंगमध्ये नेमके तेच त्यांच्या हातून जाईल.

म्हणून मी अर्ध्या दिवसाची किनाऱ्याजवळची सफर सुचवतो. जुलैत इनलेटच्या तोंडाशी आणि किनाऱ्यालगत स्पॅनिश मॅकरेल भरपूर असते. ही आपल्या सुरमईची सख्खी चुलत बहीण, दोघींची शास्त्रीय प्रजाती (जवळच्या जातींचा गट) स्कॉम्बेरोमोरस ही एकच. अंगावर सुरमईचे पट्टे नसून सोनेरी ठिपके असतात, आकार लहान असतो, पण तव्यावर गेल्यावर तुमच्या बाबांना ओळख पटायला वेळ लागणार नाही. ती मिळवण्यासाठीही बहुतेक वेळा चमकता धातूचा तुकडा बोटीमागे ओढतातच, म्हणून आरक्षण करतानाच कप्तानाला स्पष्ट विचारा की मॅकरेल मिळाल्यावर उरलेला वेळ तो बोट थांबवून किंवा प्रवाहावर सोडून तळाशी गळ टाकू देईल का. बरेच कप्तान आनंदाने तयार होतात, मात्र आधी सांगावे लागते, कारण आमिष वेगळे आणावे लागते. त्या तळाच्या गळाला क्रोकर लागला तर तो आपल्या ढोम्याच्या कुळातला, आणि रेड ड्रम लागला तर तोही घोळीचा नातेवाईकच. रेड ड्रम माणशी दिवसाला एकच आणि १८ ते २७ इंच लांबीचाच ठेवता येतो. मोठा लागला तर सोडून द्यावा लागतो, याची बाबांना कल्पना द्या.

मासेमारीच्या परवान्याचेही विचारून घ्या. ज्या बोटीकडे प्रवाशांना सामावून घेणारा राज्याचा परवाना असतो तिथे तुम्हाला वेगळा काढावा लागत नाही, पण तसा परवाना सगळ्यांकडेच असतो असे नाही.

निळाई

खाडीकाठ यांनी लिहिलेले शब्दशः खरे आहे, कारण आम्ही नेमकी उलटी निवड केली होती. तीन वर्षांपूर्वी माझे सासरे आले असताना आम्ही हौसेने पूर्ण दिवसाची बोट घेतली. निघताना समुद्र शांत वाटत होता, परंतु इनलेटचा वाळूचा दांडा ओलांडल्यावर लाटा आडव्या येऊ लागल्या आणि तासाभरात आम्हा चौघांपैकी तिघांना बोट लागली. सासऱ्यांना उलट्यांनी इतका थकवा आला की ते आतल्या बाकावरून उठूच शकले नाहीत. आम्ही परत फिरण्याविषयी विचारले, तेव्हा कप्तानाने सांगितले की परत नेतो, पण पैसे पूर्ण दिवसाचेच द्यावे लागतील. त्याची चूक होती असे मी म्हणणार नाही, कारण तसे त्यांच्या नियमांत लिहिलेले होते आणि आम्ही ते वाचले नव्हते. आम्ही पैशांकडे पाहून आणखी दोन तास थांबलो, आणि त्या दोन तासांबद्दल मला आजही वाईट वाटते.

तेव्हा तीन गोष्टी लेखी मागून घ्या: हवामानामुळे कप्तानाने सफर रद्द केली तर आगाऊ रक्कम परत मिळते की केवळ दुसरी तारीख मिळते, कोणाची प्रकृती बिघडल्यास लवकर परतता येते का, आणि बोटीवर शौचालय आहे का. किनाऱ्याजवळच्या लहान उघड्या बोटींवर ते नसण्याची शक्यता बरीच असते, आणि मधुमेह असलेल्या वयस्क माणसासाठी चार तासांत हा प्रश्न साधा राहत नाही. तारीख मुक्कामाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवसाची घ्या, म्हणजे वारा सुटला तर पुढे ढकलायला दिवस शिल्लक राहतात.

औषधवाला

मी फार्मसिस्ट आहे, म्हणून फक्त एका मुद्द्यावर लिहितो. बोट लागू नये म्हणून कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी आणि दुकानात सहज मिळणारी मेक्लिझिनची गोळी, या दोन्हींच्या बाबतीत काचबिंदू असलेल्यांनी सावध राहावे लागते, आणि काचबिंदूच्या काही प्रकारांत पट्टी अजिबात चालत नाही. भारतातून निघण्यापूर्वीच त्यांच्या नेत्रतज्ज्ञांना विचारून काय चालेल ते लिहून आणा. उपाशीपोटी बोटीवर नेऊ नका, तेलकटही खायला घालू नका, आणि साखर उतरल्यास लागणारे काहीतरी गोड बर्फाच्या पेटीत न ठेवता खिशात ठेवा.

सागरवेडा

एक साधा उपाय सुचवतो. आदल्या दिवशी हॅटरसहून ओक्राकोकला जाणाऱ्या फेरीबोटीने सगळ्यांना फिरवून आणा. तासाभराचा प्रवास आहे, कोणाला बोट लागते ते तिथेच समजेल.

खाडीकाठ

सागरवेडा यांची सूचना फिरण्यासाठी छान आहे, ओक्राकोक पाहावेच, पण परीक्षा म्हणून तिच्यावर विसंबू नये. ती फेरी बेटांच्या आतल्या बाजूने, पामलिको साउंडच्या उथळ आणि आडोशाच्या पाण्यातून जाते. तिथे काही झाले नाही म्हणजे बाहेरच्या लाटांतही होणार नाही, असे समजू नये. खरी कसोटी वाऱ्याची आहे. आदल्या संध्याकाळी कप्तानाला फोन करून उद्या वारा कोणत्या दिशेचा आणि लाटा किती फुटांच्या असतील हे विचारा, आणि त्याच्या स्वरात किंचितही नाखुशी जाणवली तर आपणहून तारीख बदला. आपण हट्ट धरला तर काही कप्तान आपल्या आग्रहाखातर निघतात, आणि तो दिवस कोणाच्याच सुखाचा जात नाही.

देवगडची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. खाडीकाठ, तुमचा ट्रोलिंगविषयीचा परिच्छेद मी बाबांना फोनवर वाचून दाखवला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “त्याला सांग, मला काठी नसली तरी चालेल, नुसती दोरी दिली तरी मी गरवीन.” आता आम्ही असे ठरवले आहे की बाबा, मी, माझे यजमान आणि मोठा मुलगा असे चौघे सकाळची अर्ध्या दिवसाची बोट घेऊ, आणि आई, सासूबाई व धाकटी दीपगृह पाहायला जातील. पण बाबांचा आग्रह आहे की सहा वर्षांच्या नातीनेही एकदा तरी आपल्याबरोबर गळ धरावा. त्यासाठी काही सोय आहे का? आणि मिळालेले मासे घरी कसे आणावेत?

खाडीकाठ

नातीसाठी हेडबोट घ्या. तिथे बोट पूर्ण भाड्याने न घेता माणशी तिकीट काढायचे असते, काठी आणि आमिष तेच देतात, तीन-चार तास तळाशी गळ टाकून छोटे मासे धरायचे, आणि मोठ्या हेडबोटींना सहापेक्षा जास्त प्रवाशांची परवानगी असल्याने तुम्ही सातही जण एकत्र जाऊ शकाल. कठड्याला खेटून माणसे उभी असतात, दोऱ्या एकमेकींत अडकतात, हे गृहीत धरा. सहा वर्षांच्या मुलीच्या मापाचे जीवरक्षक जाकीट आहे का, हे मात्र तिकीट काढण्यापूर्वी विचारा, आणि नसेल तर स्वतःचे न्या. मी तुमच्या जागी असतो तर हेडबोट आधी घेतली असती आणि खासगी बोट दोन दिवसांनी, म्हणजे बाबांचे पाय आणि पोट दोन्ही समुद्राला सरावतील.

दीपगृह जरूर पाहा. १८७० सालचा तो मनोरा समुद्र जवळ आला म्हणून १९९९ साली अख्खाच्या अख्खा उचलून २,९०० फूट आत नेला आहे. वर चढू देत आहेत का, ते जाण्यापूर्वी पाहून घ्या.

माशांबद्दल: स्पॅनिश मॅकरेल माणशी दिवसाला १५ ठेवता येते, पण चौघांनी मिळून साठ मासे आणण्याचा विचार करू नका. ही मासळी तेलकट असल्याने फार काळ टिकत नाही, आणि शिजवता येईल तेवढीच ठेवणे बरे. कॅरीपर्यंत साडेचार-पाच तासांचा प्रवास आहे, तेव्हा मोठी पेटी आणि मासळीच्या दुप्पट बर्फ न्या, आणि साचलेले पाणी वाटेत काढून टाका. धक्क्यावर मासे साफ करून देणारे वजनावर पैसे घेतात. खलाशाची बक्षिसी मात्र वेगळी असते, भाड्याच्या १५ ते २० टक्के रोख द्यायची पद्धत आहे, आणि तो बाबांना शेजारी उभा राहून नुसती दोरी धरू देणार असेल तर थोडी अधिक द्या.

एक गोष्ट विसरू नका. साफ करणारा माणूस सवयीने दोन्ही बाजूंचे काटेविरहित काप काढतो आणि डोके व मधला काटा समुद्रात टाकून देतो. त्याने सुरी लावण्यापूर्वीच सांगा की आम्हाला आडव्या तुकड्या हव्यात आणि डोकी आमच्या पेटीत टाका. त्याला थोडे नवल वाटेल, पण तो देतो. माझी आई होती तेव्हा त्या डोक्यांचे तिरफळ घातलेले सार ती इथल्याच भाड्याच्या घरात, दोन बर्नरच्या शेगडीवर करत असे. बाबांना येताना तिरफळे आणायला सांगा, ती इथे मिळणार नाहीत.

देवगडची_लेक

तिरफळे त्यांच्या सामानात आहेत, आईने आत्ताच सांगितले. हॅटरस गावातील एका कप्तानाशी आज बोलणे झाले. परवाना प्रवाशांसह आहे, बोटीवर शौचालय आहे, वाऱ्यामुळे रद्द झाल्यास पूर्ण रक्कम परत, आणि शेवटचा दीड तास बोट थांबवून हाताने दोरी धरू द्यायला तो तयार आहे. त्याने उलट मलाच विचारले की तुमचे वडील कोणत्या समुद्रावर शिकले.