एकमत आहे, मग काळजी कमी-जास्त का?

जुळे सोलापूरकर: तापमानवाढ माणसामुळेच, यावर शास्त्रज्ञांचं एकमत आहे. मग कुणी धास्तावलेला, कुणी निवांत, असं का?

बार्शीकर: एकमत कारणावर आहे; आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय मंडळाच्या) २०२१च्या अहवालात ते निःसंदिग्ध मांडलंय. मतभेद पुढच्या आकड्यावर. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर वाढ बहुधा २.५ ते ४ अंश. घोळ मुख्यतः ढगांचा: जग तापलं की ते कसे बदलतील, याचा. अडीच आणि चार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे हो!

मंगळवेढेकर: आपल्याकडे किती तापलं, हे मे महिन्यातल्या एका दुपारवरून ठरवू नका. एकाच हवामान केंद्राची १९६१-९० आणि १९९१-२०२० ची सरासरी ताडून बघा, किमान तापमान वेगळं काढा. केंद्र हललं असेल, भोवती काँक्रीट वाढलं असेल, तर आकडा फसवतो.

जुळे सोलापूरकर: किमान वेगळं कशाला?

मंगळवेढेकर: किमान म्हणजे बहुधा रात्रीचं. रात्री उबदार राहिल्या की ज्वारीला दाणा भरायला दिवस कमी मिळतात. कणसं दिसतात भरगच्च, दाणा मात्र बारीक.