बर्फावर गाडीची ग्रिप कशी तपासायची?

प्रश्न: बर्फ पडायला लागलाय, गाडी ऑल व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद चारही चाकांना) आहे पण टायर ऑल सीझन. रोजच्या रस्त्यावर नेण्याआधी मोकळ्या जागी चालवून अंदाज घ्यावा म्हणतोय, तर नेमकं काय काय बघू? ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागीच घसरत फिरू न देणारी यंत्रणा) बंद करू का?

चाकधर: आधी ब्रेक बघा, पिकअप नंतर. खांब, कठडे नसलेलं सपाट मैदान हवं, परवानगी काढून. ताशी 20 किमीला ब्रेक जोरात दाबा आणि दाबूनच धरा, पेडल पायाखाली थरथरेल, खरखर आवाज येईल, तो एबीएस आहे, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, घाबरून पाय उचलू नका. मग तेच 30 ला करा, थांबायला दुपटीहून जास्त अंतर लागेल, ते एकदा डोळ्यांनी बघाच.

हिमवाट: ऑल व्हील ड्राइव्हच्या भरवशावर अजिबात राहू नका! गाडी झटकन उचलते म्हणून ग्रिप आहे असं वाटतं, पण ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. खरं काम टायरचं. साधारण 7 अंशांच्या खाली समर टायरचं रबर कडक व्हायला लागतं, विंटरचं मऊ राहतं. ऑल सीझनवर डोंगर-हिमकणाचं चिन्ह (बर्फावर चाचणी झालेल्या टायरची खूण) आहे का बघून घ्या.

चाकधर: ट्रॅक्शन कंट्रोल चालूच ठेवा, भुसभुशीत बर्फात चाक रुतलं तरच तेवढ्यापुरता बंद करा. वळणावर नाक सरळच जायला लागलं तर स्टिअरिंग आणखी पिळू नका, अॅक्सिलरेटर सोडा, ग्रिप परत येऊ द्या. आणि शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ कडक थंडीतल्यापेक्षा जास्त निसरडा असतो, त्यामुळे हवा बदलली की पुन्हा तपासा.