खिशात बसेल असा डिजिटल कॅमेरा घ्यायचाय. फोन असताना घेण्यात अर्थ आहे का, आणि कोणता बघू?

सावळागोंधळ

नमस्कार मंडळी, छोटा कॅमेरा घ्यायचं डोक्यात आहे, म्हणजे लेन्स बदलायची भानगड नसलेला, खिशात किंवा फार तर छोट्या पर्समध्ये जाईल असा. घरात एक मोठा डीएसएलआर आहे पण तो कपाटातून काढायचा म्हणजे मुहूर्त बघावा लागतो, त्यामुळे सगळे फोटो फोनवरच निघतात. फोन तसा चांगला आहे, उन्हात काही तक्रार नाही. पण दोन ठिकाणी हमखास दगा देतो. एक म्हणजे संध्याकाळी घरात दिव्याच्या उजेडात, मुलगी एका जागी उभी राहील तर शपथ, मग फोटोत भिंत, पडदे, सोफा सगळं लख्ख आणि ती मात्र पुसट. दुसरं म्हणजे तिचे नाचाचे कार्यक्रम, आम्ही बसणार मागच्या रांगेत, झूम केलं की चेहऱ्याचा मेणाचा पुतळा होतो.

शोधायला बसले तर डोकं भणभणायला लागलं. एक जण म्हणतो एक इंची सेन्सरच घे, दुसरा म्हणतो ३० एक्स झूम घे, तिसरी मैत्रीण म्हणते जुना डिजिकॅम घे त्याचा फ्लॅश काय भारी दिसतो. बजेट मधलं आहे, सेकंडहँड चालेल, व्हिडिओ जवळजवळ करतच नाही. सांगा बाई/बुवा कुणीतरी.

खिसेकापू

ताई, मेगापिक्सेल आणि एक्स हे दोन्ही आकडे थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी सेन्सर (आतली उजेड टिपणारी चिप) बघा. बहुतेक स्वस्त पॉकेट कॅमेऱ्यांत १/२.३ इंची सेन्सर असतो, म्हणजे साधारण ६.२ बाय ४.६ मिमी. ज्याला एक इंची म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिमी (एक इंच नावापुरता, फूटपट्टी घेऊन मोजायला जाऊ नका). क्षेत्रफळ चौपट. आणि आजकालच्या बऱ्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर या १/२.३ वाल्यापेक्षा मोठाच असतो, वर तो पाच-दहा फ्रेम एकावर एक रचून फोटो साफ करतो, त्यामुळे छोट्या सेन्सरचा कॅमेरा घेऊन कमी उजेडात फोनला हरवायला निघालात तर पैसे पाण्यात.

आता मुलगी पुसट का येते ते बघा. ते फ्रेम रचणं भिंतीला चालतं कारण भिंत हलत नाही. पळणाऱ्या पोरीला १/२५० सेकंदाचा शटर (म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ) हवा, आणि फोन अंधारात बरेचदा त्याहून कितीतरी हळू जातो. खऱ्या कॅमेऱ्यात हे तुमच्या हातात असतं. घरातल्या रात्रीच्या उजेडात एफ १.८ (लेन्सचं तोंड, आकडा लहान तितकं ते मोठं उघडतं) आणि १/२५० ठेवलं तर आयएसओ (उजेड किती वाढवून घ्यायचा ती सेटिंग) १६०० ते ३२०० च्या आसपास जाईल, एक इंची सेन्सर ते निभावतो, थोडे दाणे दिसतील पण चेहरा चेहरा राहतो. तेच लहान सेन्सरवाल्या कॅमेऱ्यात लेन्स सुरूच होते एफ ३.३ वगैरेपासून, म्हणजे आयएसओ ६४०० किंवा वर, आणि त्यावर नुसता चिखल.

नावं हवी असतील तर सोनी आरएक्स१०० ची तिसरी आवृत्ती (२०१४, २४-७० मिमी, एफ १.८-२.८; मिमीचा आकडा मोठा तितकं जवळचं दिसतं) किंवा कॅनन जी७एक्स मार्क २ (२०१६, २४-१०० मिमी, तेच एफ १.८-२.८). दोन्ही सेकंडहँड फिरत असतात. सोनीत वर उचलून डोळा लावायचा छोटा व्ह्यूफाइंडर आहे, उन्हात कामाला येतो. कॅननमध्ये तो नाही पण स्क्रीनला टच आहे आणि झूम जरा जास्त.

गच्चीवरून

खिसेकापू यांचं सगळं मान्य पण त्यांनी अर्धाच प्रश्न सोडवला, नाचाचं काय? ७० मिमीने मागच्या रांगेतून अख्खं स्टेज येईल आणि मुलगी त्यात टाचणीएवढी.

आधी एक सांगते, ३० एक्स म्हणजे तीसपट जवळ दिसतं असं नव्हे. सर्वांत रुंद आणि सर्वांत लांब यातलं ते गुणोत्तर आहे, २४ मिमीपासून सुरू झालं तर ३० एक्स म्हणजे ७२० मिमी. मागच्या रांगेतून एका मुलीचा पूर्ण फोटो काढायला इतकं लागतच नाही, २०० ते ३०० पुरतं. आणि ७२० ला हात इतका हलतो की फ्रेममध्ये मुलगी सापडेपर्यंत गाणं संपतं. शिवाय तिथे पोचेपर्यंत लेन्स एफ ६.४ झालेली असते.

स्टेजचा उजेड आपण समजतो तेवढा कमी नसतो बरं का, अंधार प्रेक्षकांत असतो, नाचणारीवर दिवे असतात. कॅमेरा मात्र तो सगळा काळोख बघून हबकतो आणि चेहरा जाळून टाकतो, म्हणजे पांढराफटक करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) उणे एककडे न्यायचं, एवढं केलं तरी निम्मे फोटो सुधारतात. हे मी दर कार्यक्रमात शेजारच्यांना सांगते आणि दर वेळी समोरच्या रांगेतला कोणीतरी फ्लॅश मारतोच, जो जेमतेम तीन-चार मीटर पोचतो आणि फक्त पुढच्याचं टक्कल उजळवतो.

तर माझं मत, आरएक्स१०० ची सहावी किंवा सातवी आवृत्ती (२०१८ आणि २०१९), २४-२०० मिमी. महाग आहे, जुनीसुद्धा महाग. त्याखाली पॅनासॉनिक टीझेड१०० (२०१६), तोही एक इंची, २५-२५० मिमी. दोन्हींत व्ह्यूफाइंडर आहे, आणि कार्यक्रमात स्क्रीन पेटवून मागच्यांच्या शिव्या खायच्या नसतील तर तो हवाच.

खिसेकापू

@गच्चीवरून बरोबर आहे, पण फुकट काही मिळत नाही. २४-२०० वाली लेन्स एफ २.८ ला सुरू होते, एफ १.८ वाली तिच्या सुमारे अडीचपट उजेड घेते. म्हणजे घरातल्या संध्याकाळीसाठी तिसरी आवृत्ती आणि स्टेजसाठी सातवी, हे त्रांगडं आहे. एक पळवाट म्हणजे क्रॉप. २० मेगापिक्सेलच्या फोटोचा मधला भाग दोन्ही बाजूंनी निम्मा कापला तरी ५ मेगापिक्सेल उरतात, १०० मिमीवरचा फोटो २०० सारखा दिसतो. फोनवर बघायला आणि पोस्टकार्ड साइजच्या प्रिंटला भरपूर झाले. म्हणून मी अजूनही जी७एक्स मार्क २ वर टिकून आहे.

रिकामटेकडा

मैत्रिणीचा सल्ला अगदीच मोडीत काढू नका. २००५ ते २०१० च्या काळातले सीसीडीवाले (जुन्या प्रकारच्या सेन्सरचे) डिजिकॅम मजेशीर असतात, फोटो सरळ निघतो, कोणी त्याला मागून इस्त्री करत नाही, आणि झेनॉन फ्लॅश हा फोनच्या एलईडीपेक्षा खरंच जोरात असतो, पळणारं पोरगं जागच्या जागी गोठवतो. पण चार माणसं जवळ उभी राहून काढायच्या फोटोंना ठीक. स्टेजला शून्य उपयोग.

घेतलात तर कार्ड आधी बघा. फार जुन्या कॅमेऱ्याला २ जीबीच्या वरचं एसडी कार्ड ओळखूच येत नाही, त्यानंतरचे एसडीएचसीवाले ३२ जीबीपर्यंत. जुन्या ऑलिंपस, फुजीत एक्सडी कार्ड आणि जुन्या सोनीत मेमरी स्टिक लागते, ती शोधत हिंडणं हा वेगळाच छंद आहे. कॅमेरा मिळतो स्वस्तात, मग कार्ड, रीडर, बॅटरी यांच्या मागे माणूस दमतो.

मिश्किल

अजून एक, कुणी सांगितलं नाही म्हणून. ऑनलाइन शोधलं की अनोळखी नावाचे चकचकीत कॅमेरे वर येतात, ४८ मेगापिक्सेल, ४के, १६ एक्स झूम आणि सोबत पिशवी, दोन बॅटऱ्या, कार्ड सगळं. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. १६ एक्स म्हणजे डिजिटल झूम, नुसतं कापून ताणणं, ४८ मेगापिक्सेलही बहुतेक वेळा सॉफ्टवेअरने फुगवलेले. "ऑप्टिकल झूम" हे शब्द आणि लेन्सवर छापलेली मिमी आणि एफची रेंज, दोन्ही दिसत नसेल तर पुढे चला.

सावळागोंधळ

बाप रे, एवढं कुणी कधी समजावून सांगितलं नव्हतं, मनापासून धन्यवाद. तो उणे एकवाला प्रकार फोनवरच करून बघितला, नवऱ्याला टेबललॅम्पखाली उभं करून. कपाळ जळायचं थांबलं!

७२० मिमी रद्द. आता टीझेड१०० की जी७एक्स २ इथे अडकलेय. पण सेकंडहँड म्हटल्यावर धाकधूक वाटते, बघायला गेल्यावर नक्की काय तपासायचं? आणि हे "खिशात मावतो" म्हणतात तो कुणाच्या खिशात? माझ्या कुर्त्याच्या खिशात तर फोनच कसाबसा जातो.

जुनाजाणता

सेकंडहँड तपासणी माझ्या आवडीचा विषय म्हणून लिहितो, जरा लांबेल.

या कॅमेऱ्यांचा जीव त्या बाहेर येणाऱ्या नळकांड्यात असतो. चालू-बंद पाच-सहा वेळा करा आणि कान लावून ऐका. लेन्स एकसारख्या सुरात बाहेर यायला हवी, मध्येच करकर किंवा अडखळून परत मागे गेली तर तिथेच नमस्कार करा, कारण हे दुरुस्त करायचा खर्च बरेचदा कॅमेऱ्याच्या निम्म्या किमतीला जातो. मग पूर्ण झूम करून नळकांडं हलकेच बोटाने हलवा, किंचित खेळ असतो तो चालतो, एका बाजूला झुकलेलं दिसलं तर कॅमेरा पडलेला आहे. लेन्सवरची पापण्यांसारखी दोन पाती पूर्ण उघडतात-मिटतात ना बघा.

नंतर धूळ. लेन्स बाहेर येताना हवा आत ओढते, हवेबरोबर धूळ, आणि सेन्सर उघडून पुसायची सोय नाही. कॅमेरा ए किंवा एव्ही मोडवर (एफचा आकडा आपण ठरवायचा मोड) टाका, एफ ११ किंवा जो सर्वांत मोठा आकडा मिळेल तो लावा, पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून चारही कोपरे फिरून या. करडे गोल ठिपके दिसले आणि पुढच्या फोटोतही त्याच जागी असले तर ती आतली धूळ. एखादा ठिपका एफ ४ ला दिसत नाही, त्यावर भाव पाडून घ्या. चार-पाच असतील तर सोडा.

बॅटरीचं दार घट्ट बसतं का, बॅटरी फुगलीय का (टेबलावर आडवी ठेवून गोल फिरवा, गरगर फिरली तर फुगलीय), आणि विटांच्या भिंतीचा एक फोटो, एक बाजू पुसट दिसली तर लेन्स तिरकी झालीय. शक्य झालं तर स्वतःचं कार्ड घेऊन जा आणि फोटो घरी मोठ्या स्क्रीनवर बघूनच पैसे द्या, विकणारा त्याला तयार नसेल तर घाई नको.

आणि खिसा. लांबी-रुंदी विसरा, जाडी बघा. पहिला आरएक्स१०० (२०१२) ३६ मिमी आणि २४० ग्रॅम होता, सातवा ४३ मिमी आणि ३०० च्या वर. जी७एक्स घराणंही ४० मिमीच्या पुढे. हे जॅकेटचे खिसे आहेत, कुर्त्याचे नव्हेत. कुर्त्याच्या खिशाच्या जवळ जाणारा रिकोह जीआर ३ (२०१९), ३३ मिमी आणि २५७ ग्रॅम, त्यातही एपीएस-सी सेन्सर, म्हणजे एक इंचीच्या तिप्पट मोठा. पण झूम नाही, फ्लॅश नाही, २८ मिमीची एकच लेन्स. घरातल्या मुलीसाठी सुरेख आहे, स्नॅप फोकस दीड-दोन मीटरवर लावून ठेवला की दाबलं की निघतो, फोकस शोधत बसत नाही. स्टेजसाठी मात्र तुम्हालाच स्टेजवर चढावं लागेल.

गच्चीवरून

@सावळागोंधळ दोनमधलंच ठरवायचं असेल तर उलटं मोजा, वर्षात कार्यक्रम किती आणि घरातल्या संध्याकाळी किती. मी स्वतः टीझेडची बाजू घेत होते, पण तुमची पहिली तक्रार मुलगी घरात पुसट येते ही आहे. टीझेड१०० एफ २.८ ला सुरू होतो आणि थोडं झूम केलं की अजून मिटत जातो. जी७एक्स घ्या आणि कार्यक्रमाला एक रांग पुढे बसायला लवकर जा. पूर्ण १०० मिमीला तो एफ २.८ च देतो, तो उजेड स्टेजलाही कामी येईल आणि उरलेलं क्रॉप.

सावळागोंधळ

ठरलं मग, जी७एक्स २ शोधते, आणि पर्समध्येच ठेवणार, खिशाचा नाद सोडला. बॅटरी एक पुरते का?

खिसेकापू

नाही पुरत. या आकाराच्या कॅमेऱ्यांत कागदावर अडीचशे-तीनशेच्या आसपास फोटो असतात, आणि मागे-पुढे करत स्क्रीन बघत बसलात की त्याहून कमी. एक जादा घ्याच, कंपनीची, मॉडेल एनबी-१३एल. आणि कार्यक्रमाआधी आवाज बंद करा, मेन्यूत म्यूट आहे, नाहीतर शांत जागी बीप बीप होतं. फोकसला मदत करणारा तो पुढचा दिवा पण बंद करा, समोरच्यांना त्रास होतो.