मदत हवी आहे : सड्यावरील कातळशिल्पाची नोंद कशी करावी?

राजापूर तालुक्यातील आमच्या गावच्या सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) जांभ्या दगडात कोरलेली एक मोठी चौकोनी आकृती आहे. गवत वाळल्यावर तिच्यातील वळणदार रेषांची दाट नक्षी स्पष्ट दिसते आणि खाचेत बोटाचे पहिले पेर सहज मावते. देवीहसोळ येथे आर्यादुर्गा मंदिराजवळ असलेल्या कातळशिल्पाशी तिचे बरेच साम्य आहे. कोकणातील अशी काही ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. आमची आकृती मात्र मला कोणत्याही नोंदीत आढळली नाही.

आता लगतच्या जमिनीत चिरेखाण सुरू झाल्याने काळजी वाटते, कारण चिऱ्याबरोबर कापले गेलेले चित्र पुन्हा कधीच मिळणार नाही.

जमीन भाऊबंदांची सामाईक आहे. अशा वेळी पुरातत्त्व संचालनालयाच्या रत्नागिरी कार्यालयाकडे थेट लेखी अर्ज करावा, की आधी ग्रामसभेचा ठराव घ्यावा? सर्व सहहिस्सेदारांची संमती लागते का? छायाचित्रांसाठी खाचांत खडू भरणे मला योग्य वाटत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात, मोजपट्टी ठेवून काढलेली छायाचित्रे पुरेशी ठरतील का? ज्यांनी आपल्या गावात अशी नोंद करून घेतली आहे, त्यांनी अर्जाचा नमुना दिल्यास फार उपकार होतील.