जानेवारीत मनालीला जायचंय, अर्टिगा न्यावी का बोलेरो? बर्फात पुढच्या चाकाची ओढ बरी का मागच्या?

लातूरचा_पोरगा
राम राम मंडळी. जानेवारीच्या शेवटी घरची सात जणं लातूरहून गाडीनं मनालीला जायचं म्हणायलोत, आई आणि दादाबी सोबत हायेत. घरी बोलेरो आहे, मागच्या चाकाच्या ओढीची, आणि मेव्हण्याची अर्टिगा आहे ती पुढच्या. दादा म्हणायलेत बोलेरोच न्यायची, उंच आहे, दणकट आहे, पावसाळ्यात आपल्या शेताच्या रस्त्यानं निघती तर तिथूनबी निघंल. मेव्हणा म्हणतो बर्फात फ्रंट व्हील ड्राइव्हच पाहिजे, मागून ढकलणारी गाडी गरकन फिरती. दोघंबी एकमेकाचं ऐकंनात. आमच्यापैकी कुणीच बर्फावर गाडी चालवलेली नाही, हिवाळ्यातलं ड्रायव्हिंग म्हणजे पहाटेचं धुकं आणि बिगर रिफ्लेक्टरच्या उसाच्या ट्रॉल्या, एवढंच आम्हाला ठाऊक. तर खरंच एवढा फरक पडतो का? म्हातारी माणसं सोबत आहेत म्हणून नीट विचारायलोय.

गॅरेजवाला_परभणी
मेव्हण्याचं बरोबर आहे, पण अर्धंच.

फरक कशामुळं पडतो ते आधी बघा. चाकाला पकड मिळते ती त्याच्यावर किती वजन दाबतंय त्याच्यावर. अर्टिगाचं इंजिन, गिअरबॉक्स, सगळं पुढं आहे आणि ओढणारी चाकंबी पुढचीच, म्हणजे रिकाम्या गाडीचं निम्म्याहून जास्त वजन ज्या चाकांनी ओढायचंय त्यांच्यावरच बसतं. म्हणून सपाट बर्फावर, चिखलात ती जागची हलती. बोलेरोत इंजिन पुढं, ताकद मात्र प्रोपेलर शाफ्टनं मागं जाते आणि गाडी रिकामी असली की मागं वजनच नसतं, मग चाक जागच्या जागी फिरत राहतं. त्यात साधं डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) असलं की ज्या चाकाला पकड कमी तिकडंच ताकद जाते, एक चाक गरगर फिरतंय आणि दुसरं गप उभं हे आपण चिखलात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. अँबॅसिडर, पद्मिनीच्या काळात सगळा कारभार मागच्या चाकाचाच होता, १९८३ ला मारुती ८०० आली तेव्हापासून पुढच्या चाकाची गाडी आपल्याकडं घरोघरी झाली.

घसरायची तऱ्हाबी वेगळी. पुढच्या चाकाची गाडी वळणावर घसरली तर स्टिअरिंग फिरवूनबी वळत नाही, सरळ बाहेर जायला लागते, तेव्हा ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद सोडला की बहुतेक वेळा पुढची चाकं पुन्हा धरतात. मागच्या चाकाची गाडी बूड फिरवते, तिथं बूड ज्या बाजूला चाललंय त्याच बाजूला स्टिअरिंग द्यावं लागतं आणि ते बी पटकन, ज्यादा दिलं की गाडी उलट्या बाजूला फिरते. ज्याला सवय नाही त्याला पहिली तऱ्हा सांभाळायला सोपी. म्हणून नवख्या माणसानं बर्फात न्यायची तर अर्टिगा, हे माझं स्पष्ट मत.

पिकअपवाला_बीड
गॅरेजवाले भाऊ, तुमचं सपाटीपुरतं मान्य, पण मनाली सपाट हाय का? चढाला गाडीचं वजन मागं सरकतं, मागची चाकं दाबली जातात आणि पुढची हलकी होतात. माझी पिकअप भरलेली असली की मांजरसुंब्याचा घाट भर पावसात गप चढती, आणि पुढच्या चाकाच्या गाड्या आमच्या शेताच्या ओल्या चढावर पुढची चाकं फिरवत उभ्या राहत्यात, मग लोक त्या रिव्हर्समधी वर चढवत्यात. हे डोळ्यानं बघितलेलं सांगायलोय. आता ह्यांची सात माणसं, शेवटच्या सीटवर दोघं तिघं, मागं बॅगा, म्हणजे अर्टिगाचं सगळं वजन मागंच की. मग पुढच्या चाकांना काय राहिलं?

गॅरेजवाला_परभणी
हे खरं आहे आणि मी ते सोडून द्यायला नको. भरलेली अर्टिगा आणि निसरडा उभा चढ असला तर तिचा फायदा बराच कमी होतो. रिव्हर्सची युक्ती त्याच कारणानं चालते, तेव्हा ओढणारी चाकं उताराच्या बाजूला येतात आणि वजन त्यांच्यावर येतं. पण ती शेताच्या बांधावर ठीक, हिमाचलच्या रस्त्यावर एका बाजूला दरी आणि मागं गाड्यांची रांग असताना कुणी करू नये. आणि तुमची पिकअप भरून चढती, ह्यांच्या बोलेरोत तेवढा माल नसणार.

फौजी_अंबाजोगाई
जय हिंद. फौजेत ड्रायव्हर होतो, बरीच वर्षं काश्मीरमधल्या रस्त्यावर गाडी चालवली, जवाहर बोगद्याच्या अलीकडं पलीकडं. नऊ किलोमीटरचा चेनानी-नाशरी बोगदा २०१७ ला झाला, त्याच्या आधी पटनीटॉपवरून जावं लागायचं, तेव्हा हिवाळ्यात चढापेक्षा उताराची जास्त धास्ती असायची. म्हणून बाळा, तू विचारतोयस त्याच्या एक पायरी पुढचं सांगतो.

ओढ पुढची असो का मागची, ती फक्त गाडी निघायच्या आणि चढायच्या कामाची. ब्रेक चारी चाकांना असतो. बर्फावर गाडी थांबवताना अर्टिगा आणि बोलेरोत ओढीचा काडीचा फरक नाही, तिथं फक्त टायर बोलतो. आणि माणसं मरतात ती थांबता न आल्यानं. पुढच्या चाकाची गाडी सुरेख निघते, त्यामुळं चालवणाऱ्याला वाटतं रस्ता धरतोय, तो वेग वाढवतो, आणि पहिल्या वळणाला ब्रेक मारल्यावर कळतं.

आपल्याकडचा टायर गरम रस्त्यासाठी बनवलेला असतो. पारा ७ अंशाच्या खाली गेला की त्याचं रबर कडक व्हायला लागतं. बर्फाचा खरा टायर वेगळा, त्याच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि आत बर्फाचा कण अशी खूण असते, तो आपल्या गावात मिळायचा नाही. दुसरा उपाय साखळ्या. त्या ओढणाऱ्या चाकांनाच लावायच्या, अर्टिगाला पुढं, बोलेरोला मागं. मोकळ्या डांबरावर साखळीनं पळायचं नाही, बर्फ संपला की काढायची, आणि चढवलेली असताना ४० च्या खालीच राहायचं.

काळ्या मातीची सवय इथं उपयोगी पडंल असं दादांना वाटतंय, त्याचंबी सांगतो. ताज्या भुसभुशीत बर्फात थोडी पडंल, कारण चिखलासारखंच टायरची नक्षी भरून जाते आणि चाक फिरवत बसलं की खड्डाच होतो. पण काच झालेला बर्फ वेगळी चीज आहे. तो दिसत नाही, ओल्या डांबरासारखा काळा दिसतो. सावलीतली वळणं, पूल, बोगद्याची तोंडं, झऱ्याचं पाणी आडवं वाहतं ती जागा, आणि पहाटे किंवा दिवस मावळल्यावर, तेव्हा तो असतोच. त्यावर बोलेरोची उंची आणि दणकटपणा काही कामाचा नाही, उलट जड गाडी थांबायला आणखी अवघड.

घाट उतरताना आपण गिअरवर गाडी धरतो, ती सवय चांगली आहे पण बर्फात उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकून घ्यायचा. मधेच धाडकन गिअर पाडला तर इंजिन ओढणाऱ्या चाकांना अडवतं, बोलेरोचं बूड फिरतं आणि अर्टिगाचं स्टिअरिंग जातं. निघताना दुसऱ्या गिअरमधी, क्लच हळू. पुढच्या गाडीपासून एवढं अंतर की पाहणाऱ्याला वेडेपणा वाटावा.

आणखी एक, रेडिएटरमधी साधं पाणी असंल तर निघायच्या आधी सगळं काढून टाका. आपल्याकडं उन्हाळ्यात पाणी ओतत ओतत कूलंटचं, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी गोठू न देणाऱ्या द्रवाचं, नाव राहत नाही. पाणी गोठलं की फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक फोडू शकतं. कूलंट आणि पाणी निम्मं निम्मं ठेवलं तर उणे ३५ च्या आसपासपर्यंत भीती नाही. रात्री लावताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गोठून धरतो, गिअरमधी ठेवा आणि चाकाला दगड लावा. बोलेरो डिझेल असंल तर खालून भरलेलं डिझेल टाकीत थोडंच ठेवून वरच्या भागात भरा, लई थंडीत आपलं डिझेल घट्ट होतं. लडाखसाठी तर २०१९ पासून वेगळं हिवाळी डिझेल मिळतं.

पिकअपवाला_बीड
फौजी काका, मागं वाळूची पोती टाकली तर? आमच्याकडं पावसाळ्यात टाकत्यात.

फौजी_अंबाजोगाई
एक्सलच्या बरोबर वर आणि घट्ट बांधून टाकली तर मागची चाकं धरतात, हे खरं. पण वजन वाढलं की थांबायला जागा जास्त लागते, आणि सुटं पोतं आतल्या माणसांच्या अंगावर येतं. सात माणसांच्या गाडीत पोती नकोत. पिकअपला ठीक.

नांदेडकर_दिल्लीत
मी दिल्लीहून हिवाळ्यात मनालीला जात असतो, एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. हिमवर्षाव झाला की पोलीस मनालीच्या पुढं, सोलंगच्या वाटेवर, साध्या गाड्या थांबवतात, फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना ओढ असलेली गाडी, किंवा साखळी असलेल्यालाच पुढं सोडतात. त्या दिवशी अर्टिगा का बोलेरो हा प्रश्नच उरत नाही, फोर बाय फोर नसलेली बोलेरोबी तिथंच उभी. अटल बोगदा २०२० ला सुरू झाला, ९ किलोमीटरचा, ३,००० मीटरच्या वर, त्याच्या पलीकडं सिस्सूकडं बर्फ बघायला सगळे जातात, आणि परत येताना दुपार टळली की रस्ता काच होतो. तुम्ही लातूर ते मनाली आपल्या गाडीनं या, साधारण दोन हजार किलोमीटर आहे, त्याला अर्टिगा आरामाची, मागं बसणाऱ्या म्हाताऱ्यांची पाठ तरी शाबूत राहील. मनालीत गाडी हॉटेलला लावा आणि पुढं बर्फात तिथल्याच माणसाची फोर बाय फोर टॅक्सी करा. तो रोज त्याच रस्त्यावर असतो. पैसे जातील, जाऊ द्या.

लातूरचा_पोरगा
लई उपकार झाले सगळ्यांचे. दादांना फौजी काकांचं लिहिलेलं वाचून दाखवलं, ते थांबायचं ऐकून गप झाले आणि म्हणाले मग अर्टिगाच न्या. बर्फात टॅक्सीच करायची ठरलंय. तरीबी साखळी सोबत ठेवावी का? आणि हवा किती ठेवायची?

गॅरेजवाला_परभणी
ठेवा. टायरच्या बाजूला माप लिहिलेलं असतं, तुमच्या अर्टिगावर बहुतेक १८५/६५ आर १५ असंल, त्याच मापाची घ्या आणि घरी अंगणात एकदा चढवून चाक हातानं फिरवून बघा, आतल्या बाजूला सस्पेन्शनला घासत नाही ना. थंडीत हातमोजे घालून रस्त्यात शिकायचं नसतं. हवेचं म्हणाल तर लातूरच्या दुपारी भरलेली हवा मनालीच्या सकाळी चार-पाच पॉइंट कमी दिसंल, टायर पंक्चर नाही, थंडीनं हवा आकसते. तिथं पोचल्यावर सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजा आणि दारावरच्या स्टिकरवर दिलेली तेवढी करून घ्या. परत आल्यावर इथंबी मोजायला विसरू नका, तिथं भरलेली इथल्या उन्हात वर जाती.

फौजी_अंबाजोगाई
टायर चार वर्षांच्या वरचे असतील तर निघायच्या आधी चारी बदला बाळा. दोनच बदलून भागवू नका, जुनी दोन मागं राहिली तर अर्टिगाबी बूड फिरवंल.