मार्क्स वाचणाऱ्या पोरांना कम्युनिस्ट सरकार का उचलतं?

परळकर:
२०१८ हे मार्क्सच्या द्विशताब्दीचं वर्ष. मे महिन्यात शी जिनपिंग यांनी बीजिंगमध्ये त्याचा गौरव करणारं मोठं भाषण केलं. त्याच उन्हाळ्यात दक्षिण चीनमधल्या शेनझेनच्या जासिक टेक्नॉलॉजी कारखान्यातले कामगार युनियन काढायला गेले. त्यांची तक्रार होती दंडाची, गृहनिर्माण निधीत कमी भरलेल्या पैशांची आणि सुटीच्या दिवशी सक्तीने करायला लावलेल्या पायपिटीची. पुढाकार घेणाऱ्यांना काढून टाकलं, जुलैअखेर अटकही झाली.

त्यांच्यासाठी धावून आली ती पेकिंग विद्यापीठासारख्या ठिकाणची, मार्क्स कोळून प्यालेली पोरं. २४ ऑगस्टला शेनझेनजवळच्या हुइझोऊत ती राहत होती त्या घरात दंगलविरोधी पोलीस घुसले. पोरांनी एकमेकांचे हात धरले आणि 'इंटरनॅशनल' हे कामगार चळवळीचं गाणं म्हणायला सुरुवात केली. जवळपास पन्नास जणांना नेलं. पेकिंग विद्यापीठात शिकलेली यूए शिनही त्यात होती. थोड्याच दिवसांपूर्वी तिने शी यांना खुलं पत्र लिहिलं होतं. या पोरांचा गुन्हा एवढाच, की पक्षाने शिकवलेलं त्यांनी खरं मानलं. याचं समर्थन कुणी करू शकतं का?

घाटमाथा:
मी करतो. चाळीस वर्षांत जवळपास ८० कोटी माणसं गरिबीतून वर काढणाऱ्या देशाला स्थैर्य जपावंच लागतं. गोर्बाचेव्हनी दोर सैल सोडला आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही, हे बीजिंग कसं विसरेल? आणि आपल्याकडे यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली विद्यार्थी वर्षानुवर्षं खटल्याविना आत आहेत, त्याचं काय?

परळकर:
तेही चूकच, आणि इथे मी ते उघड लिहू शकतो. तिकडे 'ठरवलेल्या जागी देखरेख' या नावाखाली माणसाला सहा महिने कोठडीबाहेर कुठेतरी डांबून ठेवता येतं, वकिलाची भेटही नाकारता येते. आईबापांनी कुठल्या दारात उभं राहायचं?

माझे वडील गिरणीत होते. मान्यताप्राप्त युनियन एकच, तिच्यावर विश्वास उरला नव्हता, म्हणून १९८२ मध्ये अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले. संप फसला, घरात चूल पेटायची मारामार झाली. पण संप करायचा हक्क होता. त्याच वर्षी चीनने नव्या राज्यघटनेतून संपाचा हक्कच काढून टाकला. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्यात!

लालमाती:
मी डाव्या घरात वाढले, म्हणून हे जास्त लागतं. पण तुम्ही दोघंही चीनला साम्यवादी धरून भांडताय. मालकाच्या बाजूने पोलीस पाठवणारं सरकार कसलं साम्यवादी?

परळकर:
ताई, पाटी तीच आहे ना? विरोधी पक्ष नाही, स्वतंत्र युनियन नाही, मग चूक दाखवणार कोण? ही पोरंच दाखवत होती.

घाटमाथा:
चर्चेने ऐकून घ्यायला हवं होतं, एवढं मान्य. पण स्वतंत्र युनियनला दार उघडलं की पोलंडमध्ये तशा युनियनपुढे कम्युनिस्टांची सत्ता गेली, तसं सगळं हातचं जातं, हे माझं मत कायम आहे.

लालमाती:
२६ डिसेंबर २०१८, माओची १२५ वी जयंती. त्या कार्यक्रमाला निघालेल्या पेकिंग विद्यापीठाच्या मार्क्सवादी मंडळाच्या अध्यक्षाला साध्या वेशातल्या माणसांनी रस्त्यातच गाडीत कोंबून नेलं. माओच्या जयंतीला निघालेला मुलगा देशाचं काय बुडवणार होता, तेवढं सांगा.