वाळवंटातला एक दिवस, सोबत घरचे आणि तिथलाच वाटाड्या: तुमचे अनुभव लिहा

शेवंती
लेकीच्या गृहपाठात प्रश्न होता, 'वाळवंटात काय आढळते?' तिचं उत्तर: 'वाळू.' पुढे पूर्णविराम. आधी हसले, मग जैसलमेरचा तो दिवस आठवला.

आम्ही पाच जण, सासऱ्यांचे गुडघे धरलेले. गाईड खुडीकडचाच. उजाडायच्या आत जीप घेऊन हजर, म्हणे वारा सुटला की रात्रीचं सगळं पुसलं जातं. टेकडीवर नेलं आणि म्हणाला, आता खाली बघा. शर्टाला धावदोरा घालावा तशी बारीक नक्षी, तो काळा भुंगा. मांजरीएवढे पंजे, ते कोल्ह्याचे. आणि एकीला दुसरी न टेकणाऱ्या तिरक्या रेघा. त्या कशाच्या? तर फुरसं गेलंय. सासूबाई जीपमध्ये जाऊन बसल्या त्या उतरल्याच नाहीत.

परतताना एक लांबलचक मातीचा बांध लागला. त्याला खडीन म्हणतात. उताराचं पावसाचं पाणी बांधाशी अडवायचं, जमिनीत मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा. सासऱ्यांनी जन्मभर कोरडवाहू शेती केलेली. जीप थांबवायला लावली. त्यांना धड हिंदी येत नाही, गाईडला मराठी नाही, तरी दोघं तासभर बांधावर बसून हातवारे करत बोलत होते. आमचा सूर्यास्त, उंट, सगळं मागे पडलं. तेव्हा मी चिडले होते.

चहाबाज
उंट हुकला ते बरंच झालं. तो आधी मागचे पाय उचलतो, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. म्हणजे सांगत होता बिचारा, "पीछे झुको, पीछे झुको," पण आमचे अहो व्हिडिओ काढण्यात दंग. थेट मानेवर! व्हिडिओ अजून आहे, ४ सेकंदांचा. त्यात उंटाचा कान आणि आभाळ.

कोरडवाहू
सासरे आवडले. खडीनाचं श्रेय पालीवाल ब्राह्मणांना देतात, तेच कुलधरा या ओसाड पडलेल्या गावचे. लोक तिथे भुतं बघायला जातात आणि फोटो काढून निघतात. ज्यांनी या कोरड्या मुलखात गहू पिकवला त्यांच्या गावात जाऊन भूत कसलं शोधता, असं मी आमच्या ग्रुपमध्ये म्हणालो. कोणी ऐकलं नाही. मेव्हण्याला चाहूलसुद्धा लागली. कबुतर होतं.

तिथून जवळच आकलला जा. १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके आहेत, वर जाळीचे पिंजरे. आई म्हणाली, "दगड पळून जातात की काय?" लाकडाच्या रेषा दिसल्यावर मात्र गप्प झाली. जंगल होतं हो तिथे!

मी_खरंच_येते
आमचं दुबई. ड्रायव्हरने वाळूच्या तोंडाशी गाडी थांबवून चारी टायरांची हवा सोडायला घेतली. सासूबाई घाबऱ्या, "अहो, हा पंक्चर का करतोय?" टायर पसरट झाला की वाळूत रुतत नाही म्हणे. पुढचा अर्धा तास मी डोळे मिटून पिशवी धरून होते, जास्त लिहीत नाही.

झोपाळू
माळढोक दिसला का कोणाला? तिकडे गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी. आम्ही डेझर्ट नॅशनल पार्कला त्याच्यासाठीच गेलो होतो. गाईड तास दीड तास दुर्बीण लावून बसला, दिसल्या त्या चिंकारा. त्याने विजेच्या तारा दाखवल्या. एवढं जड पाखरू, समोरचं नीट दिसत नाही, ऐनवेळी वळता येत नाही, आदळतं. बोलताना त्याचा आवाज बदलला होता.

कोरडवाहू
@झोपाळू आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्यात काय उरलंय ते बघा, मग तिकडे जा :(

झोपाळू
नान्नजलाही जाऊन आलोय. काळवीट बघून परत.

चहाबाज
जैसलमेरजवळ सम गावात आता माळढोकाची अंडी उबवून पिल्लं वाढवतात ना? वाचलं होतं कुठेतरी.

झोपाळू
हो, २०१९ पासून.

अबोली_२
डिसेंबरात जायचंय, बाळ दीड वर्षाचं. थंडी असते का?

शेवंती
@अबोली_२ दुपारी नुसता सदरा पुरतो, रात्री कानटोपी लागते. वाळू तापते पटकन आणि निवतेही पटकन. बाळाला पायमोजे घाल, आणि संध्याकाळी वाळूत अनवाणी सोडू नकोस. फुरसं आठव.

अबोली_२
आता जाऊ की नको असं झालंय.

मी_खरंच_येते
जा गं. शेवंती, सासऱ्यांना दाखव हा धागा.

शेवंती
ते नाहीत आता, दोन वर्षं झाली. त्या गाईडचा फोन अजून येतो, पाऊस पडला की. "बाबूजी को बताना, खडीन भर गया." आम्ही त्याला सांगितलेलं नाही.

कोरडवाहू
नका सांगू.

चहाबाज
थांबा, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. आलेच.